आडवी बाटली जिंकल्यानंतरचे पहिले आठ दिवस

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावातून बचत गटाच्या एका ताईंनी विचारलंय : गावात देशी दारूचं दुकान आहे, बसथांब्यापाशी बीअर शॉपी आहे. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानासाठी, सह्या गोळा करायला घेतल्यात. पण पोलीस पाटलापासून शाळेतल्या गुरुजींपर्यंत जो तो म्हणतोय, "बंद करून काय होणार? हातभट्टी येणार, नाहीतर शेजारच्या गावात जाऊन पिणार. सरकारलाच दारूचा पैसा पाहिजे, तुम्ही कशाला मरताय?" तर करावं की सोडून द्यावं?

करा. पण कसं करायचं ते थोडं लांबण लावून सांगतो, कारण कोल्हापुरात व्यसनमुक्तीच्या कामात 23 वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की बाटली आडवी करणं हा यातला सोपा भाग आहे. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. औषधाचं जे सांगतो ते डॉक्टरांच्या शेजारी बसून शिकलेलं आहे.

आधी "सरकारलाच पैसा पाहिजे" याचं बघू. ते खरंच आहे, पण अर्धं. संविधानाच्या 47 व्या कलमात सरकारनं दारूबंदीच्या दिशेनं प्रयत्न करावा असं लिहिलंय. आपल्या राज्यात ज्या कायद्याखाली दारूची दुकानं चालतात त्याचं नावच दारूबंदी कायदा, 1949 सालचा. म्हणजे कागदावर आपण सगळे बंदीतच राहतो आणि परवाना ही त्यातली सवलत. पिणाऱ्याकडेसुद्धा परवाना लागतो. एक दिवसाचा देशीचा 2 रुपयांचा, विदेशीचा 5 रुपयांचा. तुमच्या गावात कुणी तो फाडून घेतलेला बघितलाय? मी नाही. दारू जीएसटीत नाही, त्यामुळे तिचा कर थेट राज्याच्या तिजोरीत पडतो आणि कुठल्याच पक्षाच्या सरकारला तो सोडवत नाही. शिवाय आपल्या जिल्ह्याचं आणखी एक त्रांगडं आहे. उसाची मळी, मळीचं स्पिरिट, स्पिरिटाची देशी. ज्या शेतकऱ्याचं उसाचं बिल कारखान्यातून येतं, त्याचाच पोरगा त्याच मळीची क्वार्टर पिऊन माझ्यासमोर बसतो. म्हणून "सरकार" नावाच्या कुणा एकाला शिव्या देऊन यातून सुटका नाही.

त्याच दारूबंदी कायद्याखाली तुम्हाला मतदानाचा हक्क मिळालाय. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्के जणांनी सह्यांचं निवेदन राज्य उत्पादन शुल्क खात्याला दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आता इथं बहुतेक गावं जिथं फसतात ती जागा नीट समजून घ्या. मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या नव्हे, यादीत नाव असलेल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा तुमच्या यादीत 1,400 बायका आहेत. 701 मतं पाहिजेत. 850 बायका उन्हात रांगेत उभ्या राहिल्या, त्यातल्या 690 जणींनी आडवी केली, तरी दुकान सुरूच. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला मत देऊन गेली असं धरा.

आणि न आलेल्या म्हणजे कोण? आजरा, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात निम्मं गाव मुंबईला. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावं माहेरच्या यादीत तशीच. चार वर्षांपूर्वी वारलेली आजीपण यादीत हयात. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या, एकेका घरावर बोट ठेवून मयत आणि स्थलांतरित नावं वगळायचे अर्ज तहसील कचेरीत द्या. कंटाळवाणं काम आहे, भाषणं नाहीत, फोटो नाहीत. पण एका गावात मी बघितलंय, अशी नावं कमी करून घेतल्यावर जिंकायला लागणारी मतंच सत्तर-ऐंशीनं कमी झाली. दुकानदाराचा माणूस तेव्हा गावजेवणाच्या तयारीत होता, यादीकडं त्याचं लक्षच नव्हतं.

निवेदनावरची सही पडताळणीला टिकली पाहिजे. अंगठा असेल तर अंगठा; सुनेनं सासूची सही करायची नाही. दुकानदाराचा वकील पहिला घाव तिथंच घालतो.

"शेजारच्या गावात जाऊन पितील" म्हणणाऱ्यांचंही ऐकून घ्या, कारण परवाना मरत नाही, तो जागा बदलतो. देशी दारूच्या दुकानांचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने राज्यात सत्तरच्या दशकापासून बंद आहेत. त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याचा भाव असतो, आणि एका गावातनं उठलेलं दुकान दुसरीकडं बसायला बघतं. हायवेच्या दारूबंदीच्या वेळी हे सगळ्यांनी बघितलं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून सांगितलं, पुढं 20,000 पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी ते अंतर 220 मीटर केलं. हायवेवर अपघात कमी व्हावेत हा हेतू चांगलाच होता. पण कडेची दुकानं हळूहळू गावाच्या आत, वस्तीजवळ सरकायला लागली आणि बायकांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. म्हणून एकट्या गावानं मतदान घेऊ नका. आजूबाजूच्या दोन-तीन गावांच्या गटांना बरोबर घ्या, आणि नव्या जागेला ना हरकत द्यायची नाही असा ठराव त्यांच्या ग्रामसभेत आधीच करून ठेवा.

मग बंदीनं फरक पडतो का? वर्धा 1974 पासून, गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत आहे. चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. या तिन्हींवरून दोन्ही बाजूंचे लोक आपापल्याला हवं ते काढतात. मी एवढंच सांगतो, जिथं लोक आणि उपचार बंदीबरोबर चालले तिथं ती टिकली. जिथं फक्त पोलिसांवर सोडली तिथं दुप्पट भावानं घरपोच दारू मिळायला लागली. हातभट्टीची भीतीही खोटी नाही. गूळ आणि नवसागर आपल्याकडं काय दुर्मिळ नाही. आणि भट्टीच्या नावाखाली मिथेनॉल आलं की काय होतं ते 2015 मध्ये मालवणीत, मुंबईला, शंभराच्या वर माणसं गेली तेव्हा राज्यानं बघितलंय. 2016 च्या दुरुस्तीनं ग्रामरक्षक दलाची, म्हणजे बेकायदा दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाची, तरतूद कायद्यात आलीय. मतदान जिंकल्यावर नव्हे, निवेदन देतानाच दल मागा. आणि त्यात दारू सोडलेला एक तरी गडी घ्या. कुठल्या गोठ्यात हातभट्टीचे फुगे मिळतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार!

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय तिकडं येतो.

दुकान बंद झालं म्हणजे गावातल्या दोनशे पिणाऱ्यांतले बरेचसे आपोआप कमी पितील. कधीमधी घेणारे, मित्राबरोबर घेणारे, बाजाराच्या दिवशी घेणारे. दारू हाताशी नसली की हे लोक गप घरी जातात. धोरण म्हणून दुकानं कमी करणं यासाठीच चांगलं आहे. पण त्यातले आठ-दहा असे असतात, ज्यांचं शरीर दारूवर चालतं. सकाळी उठल्यावर हात थरथरतो म्हणून घेणारे. त्यांची दारू एका दिवसात तोडली तर ते मरू शकतात. हे मी घाबरवायला सांगत नाही.

25 मार्च 2020 ला सगळं बंद झालं तेव्हाची गोष्ट. लॉकडाऊनच्या तिसऱ्या दिवशी इचलकरंजीजवळनं एका यंत्रमाग कामगाराला त्याची बायको आणि भाऊ घेऊन आले, दुधाच्या गाडीत बसवून. माणूस पन्नाशीचा, घामानं निथळलेला. कॉटवर बसवलं तर हवेत दोन्ही हात वर करून काहीतरी शोधायला लागला. डोळे बारीक करून, चिमटीत काहीतरी धरून, दुसऱ्या हातानं गाठ मारायचा. पुन्हा पुढं सरकून दुसरी गाठ. मला पाच मिनिटं कळेना. बायको म्हणाली, "धागा तुटलाय त्याचा. कालपास्नं माग चालू हाय." तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, भ्रमातही पाळी भरत होता. मधेच थांबून मला म्हणाला, "साहेब, लाईट घालवू नका." रात्री त्याला फिट आली. आठ दिवसांनी तो चालत घरी गेला. पण त्याच महिन्यात दुसरे दोघं आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांची बातमीच आली.

तेव्हा राज्यात सगळ्यात मोठी दारूबंदी एका रात्रीत झाली होती आणि आरोग्य यंत्रणा दुसऱ्याच कामात बुडाली होती. तुमच्या गावाची दारूबंदी तारीख ठरवून होणार आहे. हा फायदा वाया घालवू नका.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट यायची तर बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत येते. बडबड, भास, माणसं न ओळखणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर तो माणूस यादीत पहिला. आरोग्य खात्याच्या आशाताईंना बरोबर घेऊन बंदीच्या पंधरा दिवस आधी अशी यादी करा, घरातल्या बाईला एकच प्रश्न विचारायचा, "सकाळी चहाच्या आधी लागते का?" हो म्हणाली की नाव लिहा. ही यादी कुणाच्या अब्रूची आहे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची नाही. त्या सगळ्यांना आधीच गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून आणा. विड्रॉवलसाठी, म्हणजे दारू तोडल्यावर होणाऱ्या त्रासासाठी, गोळ्या आहेत, स्वस्त आहेत, पाच-सात दिवसांत कमी करत बंद होतात. त्या डॉक्टरनंच द्यायच्या, मेडिकलमधनं परस्पर आणायच्या नाहीत, नाहीतर दारू जाऊन गोळी येते. आणि गावातले डॉक्टर अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावणार असतील तर आधी थायमिन, म्हणजे बी-वनचं इंजेक्शन, द्यायची आठवण करा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते नसतं, आणि नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना राग येईल. येऊ दे.

"न सांगता दारू सोडवा" म्हणून पावडरी विकल्या जातात, जेवणात मिसळायच्या. काहींत डायसल्फिराम निघतं. ते औषध चांगलं आहे, पण माणसाला माहीत असताना आणि त्याच्या मर्जीनं. गुपचूप दिलं आणि तो वर पिऊन आला तर रक्तदाब कोसळतो. मी अशी एक आई बघितलीय, जिला अजून वाटतं आपणच पोराला मारलं. तिचा मुलगा वाचला होता, तरीही.

खासगी केंद्रात ठेवायची वेळ आली तर आधी स्वतः जाऊन बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा केंद्रांना नोंदणी लागते, आणि रुग्णाला साखळीनं बांधणं, मारणं हा गुन्हा आहे. माझ्याकडं एक तरुण घोट्याभोवती कातडी सोललेला आला होता. घरच्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरून "सुधारायला" ठेवला होता. केंद्रवाला भेटायला देत नसेल, फोन देत नसेल, तर तिथून काढा. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून पुण्यात न मारता, न बांधता काम करतंय, म्हणजे होत नाही असं कुणी म्हणू नये.

सरकारी धोरणाची माझी खरी तक्रार इथंच आहे. एम्सनं केलेल्या आणि 2019 मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकाला कसलाही उपचार मिळाला होता, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला 180 मागे एक. दुकान शोधायला माणसाला पाच मिनिटं लागतात, उपचार शोधायला पाच वर्षं. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण 2011 पासून आहे, त्याचं काम सामाजिक न्याय खात्याकडं. गोळ्या आरोग्य खात्याकडं. दुकान उत्पादन शुल्ककडं. गुटखा अन्न व औषध प्रशासनाकडं. बायको मार खाते ती पोलिसांकडं. माणूस मात्र एकच असतो, आणि तो या पाचही टेबलांवरून फिरून दुकानातच परत येतो.

पैशाच्या बाजूनं एक बरी गोष्ट झालीय, हेतू काही असो. जून 2025 मध्ये राज्यानं विदेशी दारूचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं, देशीचं प्रूफ लिटरला 180 वरून 205 रुपये. 180 मिलीची देशी किमान 80 रुपये झाली, विदेशी 205. हे तिजोरीसाठी केलं, 14,000 कोटी जास्त यावेत म्हणून. पण किंमत वाढली की पिणं कमी होतं, विशेषतः कोवळ्या वयात, हे जगभर तपासून झालंय. फक्त 80 आणि 205 मधलं अंतर बघा. विदेशी पिणारा सोडत नाही, एक पायरी उतरून देशीवर येतो. आमच्याकडं दाखल होणाऱ्यांत आता फाउंड्रीतले सुपरवायझरही देशी सांगतात. आणि चंदगड, आंबोलीकडून येणारी गोव्याची दारू आहेच. किंमत वाढवायची तर सगळ्यात स्वस्त बाटलीची आधी वाढवायला हवी. ती वाढवायला कुणी धजत नाही, कारण त्या बाटलीचं गिऱ्हाईक मतदार असतं.

तरुणांच्या नशेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात. गांजा आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, गावात पोचलंय, आणि जिममध्ये दम टिकावा म्हणून बीपी वाढवायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेणारी पोरं मला दरमहा भेटतात. ज्या जिल्ह्याच्या तालमीत दूध-थंडाईवर पैलवान घडले तिथं हे. पोलिसांच्या भीतीनं आईबाप लपवतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या 64-अ कलमात स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी तंबाखू, आणि इथं जरा तुम्हालाच टोचणार आहे. मागच्या वर्षी कागल तालुक्यात अशाच एका आडव्या बाटलीच्या बैठकीला गेलो होतो. मारुतीच्या देवळात साठ-सत्तर बायका. एक अक्का असं बोलल्या की पुरुष उठून बाहेर गेले. बोलून झाल्यावर खाली बसल्या, कनवटीची डबी काढली, डाव्या तळहातावर मशेरी घेतली आणि पदराआड दात घासत बसल्या. शेजारणीनं हात पुढं केला. डबी ओळीनं फिरली. मी काही बोललो नाही, पण अक्कांनी माझी नजर पकडली. म्हणाल्या, "ही काय नशा न्हाई, सर. ही दातासाठी."

गुटख्यावर जुलै 2012 पासून राज्यात बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्यात असा आदेश एका वर्षापुरताच निघतो, म्हणून तो दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. कर्नाटकातही बंदी आहे, तरी सीमेवरून माल येतोच. सुपारी-तंबाखूचा मावासुद्धा बंदीत बसतो, आणि टपरीवर तो तुमच्यासमोर चोळून मिळतो. त्यातूनही फरक पडलाय. 2009-10 च्या पाहणीत राज्यातले 31.4 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, 2016-17 मध्ये 26.6. पण मशेरीला कुठलं खातं हात लावणार? ती तव्यावर घरात भाजली जाते. पान तंबाखूचं, आणि तंबाखू आपल्या शेजारी निपाणीची. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी तिथं शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात 12 जण गेले. त्या पिकावर या भागातली घरं उभी राहिलीत, बिड्या वळून बायकांनी पोरं शिकवलीत. म्हणून मी कुणाला "तंबाखू वाईट" म्हणून भाषण देत नाही. मी आरशात तोंड उघडून दाखवायला सांगतो. गालाच्या आत पांढरा, खरबरीत चट्टा, तिखट लागलं की झोंबणं, तोंड तीन बोटं उभी जाण्याइतकं न उघडणं. यातलं काही असलं तर दंतवैद्याकडं लगेच, पुढच्या बाजारापर्यंत थांबायचं नाही. सोडायची असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्विटलाइनवर फुकट बोलता येतं. दारू आणि बाकी नशेसाठी 14446.

त्या अक्कांनी मशेरी सोडली का, तर नाही. दिवसाला पाच वेळची दोन वेळा केलीय, असं त्यांनी निरोपानं कळवलं. त्यांच्या गावात 701 सारखाच आकडा होता, बारा मतांनी आडवी बाटली जिंकली.

तुमचं निवेदन गेलं की पावतीवरची तारीख मला कळवा. यादी घेऊन एकदा बसू, बाजाराचा दिवस सोडून. आशाताईंना आणि त्या आठ-दहा घरांतल्या बायकांना बोलवा, गड्यांना नंतर भेटू. आरसा मी आणतो.